मी हयसर रवत नाय

२०२३ च्या पावसाळ्यातली दुपार. बेल वाजली म्हणून दार उघडलं, तर समोर गळ्यात ओळखपत्र अडकवलेल्या बाई. एका हातात ठिबकणारी छत्री, दुसऱ्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला याद्यांचा गठ्ठा. बीएलओ, म्हणजे बूथ लेव्हल ऑफिसर, मतदारयादीचं काम बघणाऱ्या. एरवी शाळेत चौथीला शिकवतात, शाळा सुटली की हे काम. लिफ्ट बंद होती, चौथ्या मजल्यापर्यंत जिने चढून आल्या होत्या आणि तरी आवाजात वैताग नव्हता. यादीतली आमची नावं त्यांनी वाचली, मी हो हो म्हटलं. मग त्यांची नजर माझ्या खांद्यावरून आत गेली. आई चटईवर पाय पसरून सुपात कुळीथ निवडत होती. "आजींचं नाव दिसत नाही इथे. किती वर्षं झाली त्यांना येऊन?" मी म्हटलं, पाच. "अहो, मग फॉर्म आठ भरा ना. मोबाइलवरून होतं. गावचं नाव इकडे येईल, आजींना दोन मिनिटांवर मतदान." त्यावर आईने सुपातली नजर वर न करता सांगून टाकलं, "मी हयसर रवत नाय."

बाईंना ते कळलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आईच्या मालवणीचं भाषांतर करण्याची मला सवय आहे. भाजीवाल्याशी, डॉक्टरांशी, सोसायटीच्या सेक्रेटरीशी, सगळीकडे मी मध्ये असते. पण ते वाक्य उच्चारताना जीभ जरा अडखळली. "ती म्हणतेय, ती इथे राहत नाही." बाई हसल्या, मीही हसले. त्यांनी यादीच्या समासात पेन्सिलीने काहीतरी खूण केली आणि पुढचं दार वाजवायला गेल्या.

कुळीथ निवडणं चालूच होतं.

बाबा गेले २०१८ मध्ये. वर्षश्राद्ध व्हायच्या आत पावसाळा आला, आणि त्या घरात, त्या पावसात ती एकटी कशी राहील म्हणून चार महिन्यांसाठी मी तिला पुण्याला आणलं. चार महिन्यांसाठी हे तिनेच ठरवलं होतं, गणपतीला परत जायच्या बोलीवर. गणपतीला आम्ही गेलो आणि परत आलो. मग दिवाळीनंतर जाऊ असं झालं, मग तिचा गुडघा, मग कोविड. दरवेळी काही ना काही. पण तिने आणलेली निळी बॅग अजून पलंगाखालीच आहे. मी कपाटातला एक अख्खा कप्पा रिकामा करून दिला, त्यात तिने दोन लुगडी आणि देवाची पोथी ठेवली, बाकी सगळं बॅगेत. पातळ हवं असलं की बॅग ओढायची, चेन उघडायची, काढायचं, चेन लावायची. गावच्या घराच्या चाव्या हळदीच्या रिकाम्या डब्यात. शेजारच्या बाई पंधरा दिवसांनी अंगण झाडतात, त्यांना दर महिन्याला फोन. "पडवेत पाणी इला काय?" हा पहिला प्रश्न, तब्येतीची चौकशी नंतर. सहा वर्षांत ती एकदाही 'आमचं घर' हे शब्द या फ्लॅटबद्दल बोललेली नाही. 'तुझ्या घरात' म्हणते. तेव्हा बीएलओ बाईंना तिने जे सांगितलं ते खोटं होतं असं मला मनापासून म्हणता येत नाही. खरं होतं असंही नाही.

रात्री मी उगाच कायदा उघडून बसले. मला वाटत होतं, मत कुठे टाकायचं हा प्रश्न साधा असेल. तो साधा नाही. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम १९ म्हणतं, तुम्ही ज्या मतदारसंघात 'सर्वसाधारणपणे रहिवासी' आहात तिथे तुमचं नाव. आणि सर्वसाधारण रहिवासी म्हणजे काय, तर कलम २०. त्याची सुरुवातच आमच्या आईला उद्देशून केल्यासारखी: एखाद्या ठिकाणी तुमच्या मालकीचं घर आहे, एवढ्याच कारणावरून तुम्ही तिथले रहिवासी ठरत नाही. म्हणजे कौलारू घर, विहीर, परसातला फणस, सातबारा, हळदीच्या डब्यातल्या चाव्या, सगळं एका वाक्यात बाद. मी मोबाइल बाजूला ठेवणार होते, तेवढ्यात पुढचं उपकलम दिसलं. कोणी आपल्या राहत्या जागेपासून तात्पुरतं दूर गेलं, तर तेवढ्यामुळे त्याचं रहिवासीपण संपत नाही. तात्पुरतं म्हणजे किती, ते लिहिलेलं नाही. चार महिने? पाच वर्षं? मी अंधारात पलंगाखालच्या त्या बॅगेचा विचार करत होते. हातात पुरावा असलेला वकील कसा गालात हसत असेल, तसं हसू आलं.

त्याच कलमात आमदार-खासदारांची सोय आहे. कामासाठी दिल्लीत किंवा मुंबईत राहिले तरी आपल्या मतदारसंघातलं त्यांचं रहिवासीपण जात नाही. सैन्यातल्या माणसांचीही आहे. आमच्या गावातली तीन पोरं फौजेत आहेत, कोण सियाचीनला, कोण आसामात, पण त्यांचं मत गावचंच. मतपत्रिका त्यांच्या युनिटकडे इलेक्ट्रॉनिक मार्गाने जाते, ते छापून, खूण करून, पाकिटात घालून पोस्टाने परत पाठवतात. हे ठीकच आहे. पण मला खरी गंमत वाटली ती माझ्या मुलाच्या बाबतीत. तो सात वर्षं जर्मनीत आहे. अजून भारतीय नागरिक आहे, म्हणून २०१० च्या दुरुस्तीनंतर त्याला अनिवासी मतदार म्हणून नाव घालता येतं. फॉर्म सहा-अ. कुठल्या पत्त्यावर? पासपोर्टावर जो भारतातला पत्ता आहे त्यावर, म्हणजे आमच्या या फ्लॅटच्या. मत टाकायला मात्र स्वतः मूळ पासपोर्ट घेऊन इथल्या केंद्रावर यायचं. त्यामुळे २०२४ च्या लोकसभेला देशभरात जवळपास एक लाख वीस हजार अनिवासी मतदारांची नावं यादीत असून जेमतेम तीन हजार येऊ शकले, त्यातले बहुतेक केरळचे. ते असो. हिशोब असा झाला, की ज्याच्या खोलीत आम्ही इस्त्रीचे कपडे ठेवतो त्याचं नाव या पत्त्यावर लागू शकतं, कारण तो सात हजार किलोमीटरवर गेला. आणि आई पावणेचारशे किलोमीटरवर आली, तर तिचा गावचा पत्ता गेला. परदेशी गेलेल्याचं मूळ गाव सरकारला कळतं. पुण्याला आलेल्याचं कळत नाही.

हे मी जेवताना नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, बरोबरच आहे, जिथला कचरा तिथलं मत. आई म्हणाली, "भात वाढ."

माझं स्वतःचं नाव किती गावं फिरलंय ते मग मी मोजलं. मतदानाचं वय एकविसावरून अठरावर आलं त्या वर्षी, १९८९ मध्ये, मी एकोणीस वर्षांची होते. ती माझी पहिली लोकसभा. गावच्या शाळेत, तिसरीच्या वर्गात, मधू दंडवत्यांच्या राजापूर मतदारसंघात. आता त्या मतदारसंघाचंही नाव उरलेलं नाही. लग्न झालं, नाव बदललं, गावच्या यादीतून गेलं, सासरच्या यादीत शिरलं, मग डोंबिवली, मग पुणे. २०१४ च्या १७ एप्रिलला पुण्यात दीड तास रांगेत उभी राहिले, पर्समध्ये कार्ड होतं आणि यादीत नाव नव्हतं. तेव्हा कळलं की कार्ड म्हणजे फक्त ओळख, मत देते ती यादी. पुन्हा फॉर्म सहा, पुन्हा फोटो. बायकांच्या बाबतीत हे नाव हलणं इतकं नेहमीचं आहे की त्याला कोणी स्थलांतरही म्हणत नाही. यादीत नावाच्या खाली एक ओळ असते, वडिलांचे किंवा पतीचे नाव. बाईचा पत्ता बदलला की बहुधा ती ओळही बदलते. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीच्या वेळी बिहार, उत्तर प्रदेश, मध्य भारत, राजस्थान अशा भागांतल्या कितीतरी बायकांनी नोंदणीला आलेल्याला स्वतःचं नावच सांगितलं नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढंच. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी चालणार नाहीत असं ठरवलं आणि सुमारे अठ्ठावीस लाख बायका त्या यादीतून गळल्या. कठोर वाटतं, पण पुढच्या वेळेपर्यंत त्यांना नावं सांगावी लागली. मला त्या नोंदणीवाल्याची फार उत्सुकता वाटते. ओसरीवर बसून, शाईची दौत सांभाळत, पडद्याआडच्या बाईला 'नाव सांगा, स्वतःचं' म्हणणारा कोणीतरी कारकून. त्या बाईला तिचं नाव शेवटचं कोणी विचारलं असेल?

आईचं नाव त्या यादीत आलं तेही लग्नानंतरच. ज्या घरासाठी ती जीव टाकते ते तिचं माहेर नाही. पहिलं मत तिने १९६७ मध्ये टाकलं, सव्विसाव्या वर्षी, सासूच्या मागोमाग चालत जाऊन. लोकसभेची आणि विधानसभेची निवडणूक एकदमच होती, दोन मतपत्रिका. फुलीचा शिक्का उठवायचा आणि शाई समोरच्या चिन्हाला लागू नये अशी घडी घालायची, याची तिने घरी वर्तमानपत्रावर कोळशाने तालीम केली होती म्हणे. सासूने वाटेत कुठल्या चिन्हावर मारायचा ते बजावलं. "मगे?" मी विचारलं. "मगे काय? आत सासू खंय होती?" हे सांगताना ती अजूनही ओठ मुडपून हसते. सत्तावन्न वर्षांपूर्वीच्या त्या फळीच्या आडोशात ती एकटी होती, आणि ते एकटेपण तिला त्या शाळेच्या त्या खोलीत मिळालं होतं. माहेरी कधी मिळालं नाही, माझ्या घरात तर नाहीच, इथे मी सारखी तिच्या मागे असते. पडशील, भिजशील, गोळी घेतलीस का. हे मला तेव्हा सुचलं नाही. आता लिहिताना सुचतंय.

२०१९ चा सल मात्र जुना आहे. त्या वेळी आमचं पुणे आणि गावचं रत्नागिरी-सिंधुदुर्ग, दोन्हीकडे एकाच दिवशी मतदान होतं, २३ एप्रिलला. तिला घेऊन गेले असते तर माझं मत बुडालं असतं, आणि २०१४ च्या त्या नामुष्कीनंतर मी माझं नाव मोठ्या खटपटीने लावून घेतलं होतं. मी तिला म्हटलं, या वेळेला राहू दे. ती म्हणाली, राहू दे. मी सकाळी जाऊन मत टाकून आले. ती दिवसभर टीव्हीसमोर बसली, बातम्यांचा आवाज बंद करून. संध्याकाळी मी चहा दिला तेव्हा तिने माझा डावा हात धरला, बोट उलटंसुलटं करून शाईची रेघ बघितली, आणि कप घेतला. काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

२०२४ च्या मार्चमध्ये वेळापत्रक जाहीर झालं तेव्हा मी आधी दोनच तारखा शोधल्या. देशाचे सात टप्पे, महाराष्ट्राचे पाच. गावचं मतदान ७ मे, पुण्याचं १३ मे. मधे सहा दिवस. मी आतून ओरडून सांगितलं, "आई, तारखा वेगळ्या आहेत!" त्याच महिन्यात घरून मतदानाचीही बातमी होती. घरी येऊन मत घेतात, टपाली मतपत्रिका, फॉर्म बारा-ड. पण नेमकी तेव्हाच वयाची अट ऐंशीवरून पंच्याऐंशीवर गेली होती आणि आई त्र्याऐंशीची. पंच्याऐंशीची असती तरी उपयोग नव्हता. ते पथक येतं ते यादीतल्या पत्त्याच्या हद्दीत, कुलूप लावलेल्या दाराशी. पुण्याच्या फ्लॅटमध्ये बसून कोकणातला खासदार निवडण्याची सोय त्यात नाही.

आमच्या सोसायटीचा वॉचमन लातूरकडचा, त्याचंही मतदान ७ मेलाच. त्याला म्हटलं, कायद्याने तुला पगारी सुट्टी आहे, इथे नोकरी असली तरी. तो म्हणाला, "सुट्टी मिळंल ओ ताई. पण जायला रात्र, यायला रात्र, मधला दिवस. तीन दिवस धरा. अन् तिकीट कोण काढणार?" तो गेला नाही. त्याच्यासारख्यांसाठी निवडणूक आयोगाने २०२२ च्या डिसेंबरात एक यंत्र पुढे आणलं होतं, एकाच मशिनवर बहात्तर मतदारसंघांपर्यंतच्या मतपत्रिका दाखवू शकणारं. राहत्या शहरातल्या केंद्रावर जायचं आणि गावच्या उमेदवाराला मत द्यायचं. पुढच्या महिन्यात पक्षांना ते दाखवायला बोलावलं, पक्षांनी शंका काढल्या, आणि २०२४ ला ते कुठेच नव्हतं. शंका मला कळतात. पुण्यातल्या केंद्रावर लातूरच्या उमेदवाराचा एजंट कोण बसवणार? तरी, अशी गोष्ट जमतच नाही असंही नाही. खोरं सोडून आलेल्या काश्मिरी पंडितांसाठी जम्मूत, उधमपुरात, दिल्लीत वेगळी केंद्रं असतात, तिथून ते आपापल्या मूळ मतदारसंघात मत देतात. आणि एरवी हेच सरकार मतदाराच्या मागे कुठवर जातं! गीरच्या जंगलात एका देवस्थानाच्या महंतासाठी, एका मतदारासाठी, आख्खं केंद्र उभं करतं. आमच्या नंदुरबारात नर्मदेच्या फुगवट्यातून बोटीने मशिनं नेतात, गडचिरोलीत हेलिकॉप्टरने माणसं उतरवतात. मतदाराला दोन किलोमीटरहून जास्त चालावं लागू नये, असा दंडक आहे. डोंगरावर एकटा बसलेला माणूस सापडतो. आपल्या जागेवरून हललेला माणूस मात्र हातातून निसटतो. ऊस तोडायला गेलेला, बांधकामावर आलेला, सुनेच्या बाळंतपणाला आलेली, आणि पावसाळ्यापुरती म्हणून आलेली.

रविवारी, ५ तारखेला, पहाटे निघालो. कोल्हापूर, राधानगरी, मग फोंडा घाट. घाटाच्या तोंडाशी आईने काच खाली करायला लावली. एसी चालू होता, नवरा कुरकुरला, पण खालून ती हवा आली. दमट, गरम, काजूच्या बोंडांचा आंबूस वास असलेली. तिने डोळे मिटले. पुण्यात ज्या बाईला बाथरूमपर्यंत जाताना भिंतीचा आधार लागतो, ती घरासमोर गाडीतून उतरून पायऱ्या चढून वर गेली आणि कुलपाशी झगडायला लागली. बंद घराचा तो वास, जुनं लाकूड, उंदरांच्या लेंड्या, कुठेतरी मुरलेली ओल. दुसऱ्या दिवशी दिवसभर मी झाडलं, विहिरीचं पाणी काढलं, आणि ती खळ्यात खुर्ची टाकून येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवत राहिली. "कधी इलंस गे?" "काल." "रवतलंस मा?" यावर ती नुसती मान हलवायची. होकार की नकार, ते विचारणाऱ्याने ठरवायचं.

संध्याकाळी अंगण झाडणाऱ्या शेजारीणबाई फणसाचे गरे घेऊन आल्या. आई आत गेल्यावर त्या माझ्याकडे वळल्या. बोलायचं की नाही असं जरा झालं, मग बोलल्या. "वायट मानून घेव नको. तुमी येतास, मत घालतास नि जातास. हयच्या रस्त्यार आमी चलतंव." मुंबईहून गाड्या भरून येणाऱ्या चाकरमान्यांबद्दल त्या बोलत होत्या, आणि आमच्याबद्दलही. माझ्याकडे उत्तर नव्हतं. टँकर येतो तो त्यांच्या दारात. दवाखान्यात डॉक्टर नसतो तेव्हा तालुक्याला जायची रिक्षा त्या शोधतात. गावचा खासदार कोण, याने आईच्या आयुष्यात काय बदलतं? तिचं रक्त पुण्यात तपासतात, तिची बाग पुण्यातली, तिचा फुटपाथ पुण्यातला. कायदा त्या शेजारणीच्या बाजूचा आहे, आणि तो तिच्या बाजूचाच असायला हवा. मी गरे खात राहिले. बरका होता, घशात गिळगिळीत उतरणारा. मला कधीच आवडला नाही.

मंगळवारी सकाळी सातला आई तयार. जरीच्या काठाचं पातळ, केसांत अबोली. ऊन चढायच्या आत जायचं हा तिचा सत्तावन्न वर्षांचा नेम. शाळेला आता निळा रंग दिलाय, व्हरांड्याला उतार केलाय, दारात पाण्याचा जार. केंद्र माझ्याच तिसरीच्या वर्गात होतं. मी दारात थांबले. माझं नाव तिथल्या यादीत नाही. शिपायाने एक स्टूल दिलं, त्यावर बसून आत बघत होते. पहिल्या अधिकाऱ्याने कार्ड घेतलं, यादीवर बोट फिरवत मोठ्याने अनुक्रमांक आणि नाव वाचलं. हे मोठ्याने वाचणं मला फार आवडतं. समोर बसलेल्या एजंटांनी आपापल्या यादीवर खूण करावी म्हणून ते असतं, पण ऐकताना हजेरीसारखं वाटतं, त्या वर्गात तर अगदीच. आईचं पूर्ण नाव असं खणखणीत आवाजात वर्षानुवर्षं कोणी घेत नाही. तिने पदर सावरला. पण पुढची रेघ मारायच्या ऐवजी तो अधिकारी थांबला, दुसरा एक कागद ओढला, आणि केंद्राध्यक्षांकडे वळून हळू म्हणाला, "सर, ह्या यादीत आहेत."

तो कागद कुठला ते मला लगेच कळलं. गैरहजर, स्थलांतरित, मयत. ज्यांच्या मतदार चिठ्ठ्या घरी जाऊन देता आल्या नाहीत त्यांची यादी बीएलओ करून देतो. आमच्या दाराला कुलूप होतं, चिठ्ठी परत गेली होती, आणि गावच्या बीएलओने, अंगणवाडीतल्या त्या मुलीने, इमानेइतबारे आईसमोर 'स्थलांतरित' लिहिलं होतं. यात तिची काही चूक नव्हती. त्याच पानावर दोन ओळी खाली कोणीतरी मयत असणार. केंद्राध्यक्ष उठून आले, दुसऱ्या तालुक्यातले कुणी शिक्षक असावेत, अदबीने वाकून विचारलं, "आजी, तुम्ही इथेच राहता ना?"

मी स्टुलावरून अर्धी उठले. भाषांतराची सवय.

आईने त्यांच्याकडे पाहिलं, वर्गातल्या फळ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "मगे खंय?"

तिन्ही पक्षांचे तिन्ही एजंट एकदम बोलले. आमचीच आहे, हिचंच घर ते पिंपळाजवळचं, ओळखतो आम्ही. त्या दिवसभरात बहुधा याच एका गोष्टीवर त्यांचं एकमत झालं असेल. केंद्राध्यक्षांनी कार्डावरचा फोटो पाहिला, मान डोलावली. अशा मतदाराला मत नाकारत नाहीत, ओळख नीट पटवून घेतात, एक लेखी घेतात आणि सहीबरोबर अंगठाही. तो अंगठा म्हटल्यावर मात्र आई बिथरली. "आंगठो? मी फायनल झालंय!" सातवी फायनल ही तिच्या पिढीतली पदवीच. सही आधी केली, ठसठशीत, वेलांटीला वळण देऊन, आणि मग तोंड फिरवून अंगठा पुढे केला. डाव्या तर्जनीवर शाई, म्हैसूरची ती जांभळी, लावताना ओली आणि थोड्या वेळाने काळी पडणारी. तिसऱ्या टेबलाशी चिठ्ठी. मग ती पुठ्ठ्याच्या आडोशाकडे निघाली, आणि मला फक्त तिच्या पातळाचा काठ दिसत राहिला. बराच वेळ काही ऐकू आलं नाही. ती बाहेर येईना. मग मशिनचा तो लांब आवाज झाला आणि ती आली. शेजारच्या काचेत कागदाची चिठ्ठी सात सेकंद दिसते आणि खाली पडते, ती पडेपर्यंत थांबली होती, नंतर सांगितलं. "पडली ती बगलंय, मगे इलंय."

गुरुवारी परत निघालो. कुलूप तिनेच लावलं आणि दोनदा ओढून पाहिलं.

१३ तारखेला सोमवारी मी पुण्यात मतदानाला गेले. एका इंग्रजी शाळेच्या एसी हॉलमध्ये चार केंद्रं, बाहेर सेल्फीसाठी फुलांची चौकट. पहिल्या अधिकाऱ्याने माझं नाव मोठ्याने वाचलं. पुण्यातल्या त्या हॉलमध्येही ते वाचतातच. एजंटांपैकी एकाने यादीवर टिक केली, दुसरा पाण्याची बाटली उघडत होता. कोणी मान वर केली नाही. बावीस वर्षं मी या भागात राहते. दहा मिनिटांत सगळं उरकून घरी आले. आईने माझा हात मागून घेतला, आपलं बोट माझ्या बोटाशेजारी धरलं. तिची शाई सहा दिवसांत काळी कुळकुळीत झाली होती, माझी अजून जांभळी. "तुजी नीट लावल्यानी नाय," म्हणाली.

फॉर्म आठ मी त्याच आठवड्यात मोबाइलवर भरला. तिचा फोटो, माझं वीजबिल, सगळं चढवलं. ओटीपीच्या पानापर्यंत आले आणि तसाच ठेवला. तिचा गुडघा पुढच्या वेळी फोंडा घाट सोसणार नाही हे मला कळतं. शेजारीणबाईंचं म्हणणंही पटलेलं आहे. आणि तो फॉर्म पाठवला की गावच्या वर्गात तिचं नाव पुन्हा कोणी मोठ्याने वाचणार नाही, हेही कळतं.

जुलैत बीएलओ बाई पुन्हा आल्या. तीच छत्री, नवा गठ्ठा. विधानसभा तोंडावर होती, आणि ती होईल तेव्हा पुण्यात आणि गावाला एकाच दिवशी होण्याचीच शक्यता जास्त. या वेळी लिफ्ट चालू होती. आमची नावं वाचून झाल्यावर त्यांनी आत डोकावून विचारलं, "आजींचं काय ठरलं?" आई चटईवर झोपली होती, डावा हात उशाला. बोटावरची शाई नखाबरोबर वाढत अगदी टोकाला आली होती, पुढच्या वेळी नखं कापली की जाणार होती. मी तिला उठवलं नाही.

"ती इथे राहत नाही," मी म्हटलं.

बाईंनी दाराजवळच्या चपलांकडे पाहिलं. माझ्या, नवऱ्याच्या, आणि टाचेशी झिजलेल्या, निळ्या पट्ट्याच्या त्या लहान स्लिपर. मग पेन्सिल कानामागे खोचली आणि म्हणाल्या, "बरं. जरा पाणी देता का?"